पुस्तकाला अंधार, वाचकाला उजेड

पुस्तकाला ऊन सोसत नाही. कागद पिवळा पडतो, कडा ठिसूळ होतात, कापडी बांधणीचा रंग उडतो. दमट हवाही सोसत नाही. बुरशी धरते, कसर लागते, आणि वाळवीला एकदा फळीची वाट सापडली की आख्खी रांग आतून पोकळ होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. पुस्तकाच्या मनासारखी जागा म्हणजे अंधारी, कोरडी, थंड खोली, जिथे कोणी फिरकत नाही. वाचणाऱ्याला हवं असतं ते नेमकं उलटं: मोठी खिडकी, भरपूर उजेड, वारा, पाय पसरायला जागा. या दोघांचा संसार एका छपराखाली थाटायचा, तोही वर्षातले चार महिने पावसात भिजणाऱ्या गावात, हे गवंड्यापेक्षा मध्यस्थाचं काम आहे.

जुन्या वास्तूंवरच्या लिखाणात कमान कुठल्या शैलीची, दगड कुठल्या खाणीचा, नक्षी कुणाच्या हातची याची यादी असते. ती उपयोगी आहे, इथेही थोडीफार येईलच. पण ग्रंथालयात गेलं की मी आधी एक खुर्ची शोधतो, हाती लागेल ते पुस्तक उघडतो आणि उजेड कुठून येतोय ते पाहतो. दर्शनी भाग छायाचित्रकारांसाठी ठीक आहे. ग्रंथालय देखणं आहे की नाही, याचा निकाल माझ्या लेखी त्या उघड्या पानावर लागतो. त्याला जोडून दुसरा एक प्रश्न येतो, आणि तोही वास्तुकलेचाच आहे असं मला वाटतं: त्या खुर्चीपर्यंत कोणाला येऊ देत होते?

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये उजेडाच्या आधी पायऱ्या लागतात. तीस आहेत. चढताना वयाचा अंदाज येतो आणि आपल्या सामाजिक स्थानाचाही यावा, अशीच त्यांची रचना आहे. बॉम्बे इंजिनियर्समधल्या कर्नल टॉमस कौपर यांचा हा आराखडा. पैसा उभारायला आधी लॉटरी काढली. ती पुरली नाही, काम रेंगाळलं, शेवटी सरकारला तिजोरी उघडावी लागली आणि १८३३ साली इमारत पुरी झाली. आज समोर हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे. तेव्हा तिथे बॉम्बे ग्रीन नावाचं उघडं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गासड्यांचे ढीग पडलेले असत. त्या धुळीतून वर पाहणाऱ्याला आठ डोरिक खांबांचं ग्रीक देऊळ दिसे. खांब विलायतेहून आले, काही गरजेपेक्षा मोठे निघाले म्हणून भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला लावून टाकले, अशी हकिगत सांगतात.

ग्रीक देवळात पायऱ्या चढून गेलं की गाभाऱ्यात देव असे. इथे गव्हर्नर आहेत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम यांचे संगमरवरी पुतळे फ्रान्सिस चँट्री या त्या काळच्या मातब्बर शिल्पकाराने घडवले. पुतळे म्हणून ते उत्तम आहेत, हे मान्य करायला हवं. अंगरख्याच्या चुण्यांत दगड विसरायला लावणारं काम आहे. पण त्यांच्याकडे पाहताना मला एक वेगळा हिशेब आठवतो. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी १८०४ साली लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे काढली. तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली, टाउन हॉलमध्ये आली आणि आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई या नावाने तिथेच आहे. या देशाच्या विद्यांचा अभ्यास करायला निघालेल्या या संस्थेने या देशातला पहिला सभासद, माणेकजी कर्सेटजी, आत घेतला तो १८४० साली. छत्तीस वर्षं. पायऱ्या तीसच आहेत, म्हणजे पायरीमागे एका वर्षाहून जास्त.

नंतर मात्र त्याच पायऱ्यांनी वेगळी माणसं चढताना पाहिली. डॉ. भाऊ दाजी लाड शिलालेखांचे ठसे घेऊन इथे निबंध वाचू लागले. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्यात सापडलेले करंडक याच वास्तूत आले. जगन्नाथ शंकरशेट यांचा पगडीतला पुतळा गव्हर्नरांच्या रांगेत जाऊन बसला. आणि गिरगावातून येणारे पांडुरंग वामन काणे इथल्या ग्रंथांच्या आधाराने धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंडामागून खंड लिहीत राहिले. पहिला १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली. दान्तेचं हस्तलिखित आणि त्यासाठी मुसोलिनीने म्हणे देऊ केलेली रक्कम यावर प्रत्येक जण लिहितो, म्हणून मी लिहीत नाही. १५१६ सालच्या सचित्र आरण्यकपर्वासाठी मी दान्तेवरचा हक्क आनंदाने सोडेन.

खुर्चीची परीक्षा टाउन हॉल पास होतो, पण पहिल्या वर्गात नाही. लाकडी जमीन आहे, पाऊल टाकलं की बोलते. छत उंच, खिडक्याही उंच. मुख्य मजला जमिनीपासून इतका वर उचललेला असल्यामुळे खालची ओल पुस्तकांपर्यंत सहजी पोचत नाही. म्हणजे रुबाबासाठी घातलेल्या पायऱ्यांचा पुस्तकांनाही फायदा झाला. खिडकीशी बसलं तर पानावर छान, तिरका उजेड पडतो. दोन पावलं आत कपाटांकडे सरकलं की भर दुपारी दिवा लावावा लागतो. भांडण मिटवायची ही सगळ्यांत जुनी रीत: कडेचा पट्टा माणसांना, मधला पुस्तकांना. बाहेर आज पायऱ्यांवर कोणीही बसतं, कॉलेजची मुलं, वडापाव खाणारे कारकून, लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी. यातल्या फार थोड्यांना वर ग्रंथालय आहे हे माहीत असतं. पायऱ्या आपल्याकडे आल्या, हेही काही कमी नाही.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, ओव्हल मैदानाच्या कडेला, मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर आहे. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी त्याचे नकाशे केले, ते लंडनहून पाठवले, आणि मुंबई कधीच पाहिली नाही. आजच्या भाषेत हे वर्क फ्रॉम होम. यातला धोका मोठा होता. गॉथिक शैली वाढली ती उत्तर युरोपात. तिथे ऊन दुर्मीळ, म्हणून भिंती जमेल तितक्या फोडून उंच खिडक्या काढायच्या. तीच शैली जशीच्या तशी पश्चिमेला तोंड करून ओव्हलवर उभी केली असती, तर दुपारी तीननंतर आत बसणं म्हणजे भट्टीत बसणं झालं असतं. स्कॉट यांनी शहाणपण केलं आणि उत्तरेऐवजी व्हेनिसकडून उधार घेतली. खाली कमानींचे सज्जे आले, कोपऱ्यांवर उघडे गोल जिने आले, आणि खिडक्यांत रंगीत काच आली. या काचेची स्तुती तिच्या रंगांसाठी होते. मला तिचं दुसरं काम जास्त आवडतं: पश्चिमेचं ऊन ती गाळून घेते. वरच्या वाचनकक्षात, उंच लाकडी छताखाली, उतरत्या दुपारी जो उजेड येतो तो डोळ्याला टोचत नाही आणि पुस्तकालाही जपून वागवतो. २०१३ ते २०१५ या काळात इंडियन हेरिटेज सोसायटीच्या पुढाकाराने या वास्तूची मोठी दुरुस्ती झाली. काचाही तेव्हा दुरुस्त झाल्या. नकाशा पाठवून न पाहिलेल्या गावाचं ऊन ओळखणाऱ्या माणसाला मी पहिला वर्ग देतो.

पैसा होता प्रेमचंद रायचंद यांचा. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, मुंबईच्या कापसाला अचाट भाव आला आणि त्या भावावर शेअरांचे इमले चढले. या इमल्यांचे राजे प्रेमचंद. १८६४ साली, तेजी शिगेला असताना, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मागोमाग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं एवढीच अट. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, फुगा फुटला, बँका बुडाल्या, प्रेमचंदही कोसळले. विद्यापीठाला दिलेला पैसा मात्र विद्यापीठाच्या पदरात पडलेला होता. १८६९ साली काम सुरू झालं आणि १८७८ साली २८० फुटांचा मनोरा पुरा झाला. आई दृष्टिहीन होती, जैन असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून मुलाने घंटा टांगली, ही गोष्ट मार्गदर्शक सांगतात. खरीखोटी काहीही असो, सट्ट्याच्या पैशातून इतकं देखणं दुसरं काही मुंबईत उभं राहिलेलं मला माहीत नाही.

मनोऱ्यावर मान मोडेपर्यंत वर पाहिलं तर कोनाड्यांत माणसं उभी दिसतात. पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे हे चोवीस पुतळे मुंचेरजी मर्झबान या पारशी अभियंत्याच्या देखरेखीखाली घडले. पगड्या, पागोटी, उपरणी, अंगरखे, सगळं बारकाईने कोरलंय. कारागिरी पाहून थक्क व्हायला होतं आणि त्याच वेळी चुटपुट लागते. ज्ञानाच्या घराच्या माथ्यावर माणसांची जातवार मांडणी करायची ही हौस त्या राज्यकर्त्यांच्या शिरगणतीच्या हौसेसारखीच आहे. त्या विद्यापीठातून १९१२ साली एक तरुण बी.ए. झाला. त्याचं कॉलेज, एल्फिन्स्टन, काळा घोडा भागात होतं, अगदी पलीकडेच. त्याच्याकडे परत यायचंच आहे.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या भिंतीला लागून डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. मुंबईतलं माझं सगळ्यांत आवडतं, आणि त्याचं कारण शैलीत नसून जन्मकथेत आहे. टांकसाळ आणि सरकारी गोदी इथले तरुण मेकॅनिक आणि फोरमन १८४७ साली एकत्र आले. यंत्रांचे नमुने पाहावेत, व्याख्यानं ऐकावीत, वाचावं, एवढाच त्यांचा हेतू. पुढे बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी ६०,००० रुपये दिले आणि १८७० साली मालाडच्या पिवळसर दगडातली ही इमारत पुरी झाली. अरुंद दर्शनी भाग, टोकदार कमानी, दारावर ससून यांचा दाढीदार चेहरा. आत शिरलं की मागे बाग. रस्त्याचा गोंगाट आणि बागेची शांतता यांच्या मधोमध वाचनाचा मजला, त्यामुळे वारा आरपार जातो. मधल्या काळात छपराच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला होता. अलीकडच्या दुरुस्तीत तो काढून पुन्हा मूळच्यासारखं उतरतं छप्पर केलं. स्लॅब तापतो आणि गळतो, उतरत्या छपराला पावसाचं कळतं, हे कोकणातल्या कुठल्याही घरमालकाने फुकट सांगितलं असतं.

ससूनची खरी शान म्हणजे वरच्या सज्ज्यातल्या लांब हातांच्या आरामखुर्च्या. इथे कायद्याची, सीएची, स्पर्धा परीक्षांची मुलं हातावर वही टेकवून पाठांतर करतात आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन निवृत्त माणसं झोपतात. झोपेला बंदी करणाऱ्या ग्रंथालयांवर माझा विश्वास नाही. वाचता वाचता डोळा लागणं हा वाचनाचाच भाग आहे, आणि त्याची सोय करणाऱ्या वास्तुरचनाकारांना माणूस कळला होता.

ही झाली सार्वजनिक घरं. खाजगी घरात पुस्तकं किती ऐटीत राहू शकतात ते पाहायला गोव्यात जावं. सालसेतमधलं चांदर हे गाव एकेकाळी कदंबांची राजधानी होतं. तिथे चर्चसमोरच्या मैदानाची एक आख्खी बाजू अडवून ब्रागांझांचं घर पसरलं आहे. रांगेने चोवीस खिडक्या. मधला जिना सामायिक आणि वर गेल्यावर घराचे दोन भाग: पूर्वेकडे परेरा ब्रागांझा, पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा. लोक नाचघरातली झुंबरं आणि चिनी भांडी पाहतात आणि पुढे जातात. पश्चिमेच्या भागातलं ग्रंथालय ही त्या घराची खरी श्रीमंती. लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांनी जमवलेली सुमारे पाच हजार पुस्तकं तिथे आहेत. पत्रकार माणूस, १९०० साली ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक काढण्यात त्यांचा हात होता. १९३० साली पोर्तुगालने वसाहतींना दुय्यम ठरवणारा कायदा आणला, तेव्हा गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव त्यांनी मांडला. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हेही याच गावचे.

गोव्याच्या जुन्या घरांनी उजेडाचा प्रश्न शिंपल्यांनी सोडवला होता. काच महाग, समुद्र फुकट. पातळ, चपटे, मोत्यासारखे शिंपले कापून लाकडी चौकटीत बसवायचे. खिडकी बंद असली तरी आत दुधाळ उजेड झिरपत राहतो, ऊन येत नाही, पाऊस येत नाही, रस्त्यावरच्याला आतलं दिसतही नाही. पुस्तकाचं आणि डोळ्यांचं एकाच वेळी समाधान करणारं याहून स्वस्त आणि सुंदर साधन मी पाहिलेलं नाही. पण चांदरच्या घरातून बाहेर पडताना एक जाणवतं. ही जमीनदारांची श्रीमंती आहे. पुस्तकं वाचून मालक बंडखोर झाला हे खरं, तरी त्या कपाटांपर्यंत पोचायला ब्रागांझांचा पाहुणा असावं लागे. आज तिकीट काढलं की कोणीही जातो, फक्त पुस्तकाला हात लावता येत नाही.

पुस्तक हातात देण्याचा विडा उचलला तो बडोद्याने. तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मग त्यांना प्रश्न पडला की मुलं शाळेतून बाहेर पडून वाचणार काय? १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं, स्वतःचा वीस हजार पुस्तकांचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला, आणि गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवायला सुरुवात केली. ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचं या चळवळीचं नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे.

मांडवी भागातलं ते मध्यवर्ती ग्रंथालय मराठी वाचकाने एकदा तरी पाहावं. बाहेरून पाहिलं तर खास वाटत नाही. आत कोठारात गेलं की दचकायला होतं, कारण पायाखाली काच असते. एकावर एक रचलेली पोलादी कपाटं हाच इमारतीचा सांगाडा, आणि मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या लाद्यांच्या. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांनी गॅसच्या आणि तेलाच्या दिव्यांना भिऊन लोखंडी जाळीच्या आणि काचेच्या जमिनी काढल्या होत्या. पुस्तकांच्या जंगलात दिवा नेला की आगीची भीती, म्हणून छपरातून आलेला उजेडच मजल्यामजल्यांतून खाली झिरपू द्यायचा. बडोद्याने ती युक्ती आणली. वरून गाळत येणारा उजेड पुस्तकाच्या कण्यावर पडतो, पानांवर पडत नाही. नाव वाचता येतं, कागद करपत नाही. पोलादाला वाळवी लागत नाही. कुठेही कमान नाही, वेलबुट्टी नाही, पुतळा नाही, आणि तरीही या लेखातल्या सगळ्या वास्तूंत मला सर्वांत जास्त विचार केलेली जागा हीच वाटते, एक अपवाद सोडून.

तो अपवाद दादरला आहे, आणि त्याची वाट बडोद्यावरूनच जाते.

एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालेल्या त्या तरुणाला, भीमराव आंबेडकरांना, सयाजीरावांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठवलं. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत, पहाटे दोनला वडिलांनी उठवल्यावर दिव्याच्या उजेडात अभ्यास केलेला हा मुलगा. कोलंबिया विद्यापीठाचं ग्रंथालय तेव्हा लो मेमोरियलच्या भव्य घुमटाखाली होतं. पुढे लंडनला गेल्यावर ब्रिटिश म्युझियमचा गोल वाचनकक्ष मिळाला, १८५७ सालचा, त्याहून मोठ्या घुमटाचा. दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तिथे बसत. जगातल्या दोन उत्तम वाचनकक्षांत त्यांच्या पानावर वरून, सगळ्यांवर सारखाच पडणारा उजेड पडला होता. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं घेतली. १९१७ साली परतताना सामान वेगळ्या बोटीने निघालं आणि ती बोट पाणतीराने बुडाली.

त्याच वर्षी ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवणाऱ्या त्या शहरात त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. पारशी उतारगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं आणि रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. काचेची जमीन करणाऱ्या बडोद्याची बाजू मांडताना हे लपवून चालणार नाही. राजा पुढे होता, राज्य नव्हतं.

मुंबईत ते परळच्या बीआयटी चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत राहत. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर, दाटीवाटी आणि अंधार हेच रोगाचं मूळ मानून, १८९८ साली सरकारने हा ट्रस्ट काढला. त्याच्या अभियंत्यांनी उजेडाचा नियमच बांधला: साडेत्रेसष्ट अंशांचा. प्रत्येक खोलीला बाहेरचं आभाळ इतक्या कोनातून दिसलंच पाहिजे. हिशेब मांडला तर समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. मुंबईतल्या घरांच्या देखणेपणात या रुक्ष आकड्याचा वाटा कोणत्याही वास्तुशैलीहून मोठा आहे, आणि त्याचा पुतळा कुठे नाही. त्याच ट्रस्टने मजुरांसाठी चाळी बांधल्या आणि मध्यमवर्गासाठी दादर-माटुंग्याला झाडांचे रस्ते आखून भूखंड पाडले. आंबेडकरांचा प्रवास एकाच ट्रस्टच्या दोन नकाशांमधला: परळच्या चाळीतून दादरच्या हिंदू कॉलनीत.

तिथलं त्यांचं घर, राजगृह, १९३३ च्या सुमारास पुरं झालं. मगधाच्या जुन्या राजधानीचं नाव. घरांच्या दृष्टीने त्यात एक उलटापालट आहे, जी बाहेरून दिसत नाही. एरवी घर माणसांसाठी बांधतात आणि पुस्तकांना उरलेली भिंत देतात. इथे कुटुंब तळमजल्यावर, तीन-तीन खोल्यांत. आणि वरचा मजला, म्हणजे जास्त वारा, जास्त उजेड आणि कमी ओल, तो ग्रंथालयाला आणि कामाला. चाळीतल्या दोन खोल्यांत पुस्तकं आणि माणसं एकमेकांच्या अंगावर राहत होती. हे ज्याने वीस वर्षं सोसलं तोच असा नकाशा मागू शकतो. बांधकामावर त्यांचं बारीक लक्ष असे. जवळच ‘चारमिनार’ नावाची दुसरी इमारतही त्यांनी उभी केली होती. १९४१ साली ती विकली. पुस्तकांचं कर्ज फेडायला इमारत विकणारे लोक फार नसतात.

दिसायला राजगृह साधं आहे. दगडी कमान नाही, रंगीत काच नाही. त्या काळातल्या दादरमध्ये उभी राहत असलेली तीन मजली घरं असावीत तसं एक. वास्तुवारशावरच्या गुळगुळीत पुस्तकांत ते क्वचितच सापडतं आणि सापडलं तरी इतिहासाच्या सदरात, स्थापत्याच्या सदरात नाही. हा अन्याय आहे. ग्रंथालय वरच्या मजल्यावर नेण्याचा निर्णय हा स्थापत्याचा निर्णय आहे, टाउन हॉलच्या तीस पायऱ्यांइतकाच. तिथल्या पायऱ्या माणसाला खाली ठेवायला होत्या. इथला जिना पुस्तकांपर्यंत जायला होता. या घरात राहत असताना, १९३६ साली, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापलं गेलं, आणि १९४० साली ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरच्या चोवीस पुतळ्यांना त्या विद्यापीठाच्या पदवीधराने दिलेलं उत्तर दादरच्या वरच्या मजल्यावर तयार झालं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

घर सुखाचंच होतं असंही नाही. पत्नी रमाबाईंना या मोकळ्या हवेत फार दिवस मिळाले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्या याच घरात गेल्या. १९४२ नंतर बाबासाहेबांचा मुक्काम दिल्लीला हलला. संग्रह वाढत वाढत पन्नास हजारांवर गेला. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली सुरू झाल्यावर त्याच्या ग्रंथालयाला त्यांनी आपली पुस्तकं दिली, आणि फोर्टमधल्या आनंद भवनात, टाउन हॉल आणि राजाबाई टॉवर या दोन्हींपासून चालण्याच्या अंतरावर, ती पोचली. वर्गात पहिल्यांदाच शिरणाऱ्या घराण्यांतल्या मुलांसाठी ते कॉलेज निघालं होतं.

आज राजगृहाच्या तळमजल्यावर लहानसं संग्रहालय आहे, वर कुटुंब राहतं. जुलै २०२० मध्ये कोणी आवारात घुसून कुंड्या आणि काचा फोडल्या.  एरवी ही गल्ली झाडांच्या सावलीत, शाळा सुटण्याची वेळ सोडली तर, निवांत असते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, तसं राहत नाही. विदर्भातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेली माणसं त्यांच्या समाधीकडे, चैत्यभूमीकडे, जाताना किंवा परतताना रुळांच्या या बाजूला येतात, राजगृहासमोर रांग लावतात, चपला काढून आत जाऊन येतात. मग पुन्हा पूल ओलांडून शिवाजी पार्कवर. तिथे पुस्तकांची दुकानं मांडलेली असतात, ताडपत्रीखाली, जमिनीवर, लाकडी बाकांवर. संविधानाच्या प्रती, चरित्रं, धम्मावरच्या पुस्तिका, दहा रुपयांपासून जाडजूड ग्रंथांपर्यंत. विक्रेते ओरडत असतात, घासाघीस चालू असते. बाया पदराच्या गाठीतून पैसे काढून मुलाला हवं ते पुस्तक घेऊन देतात, आणि संध्याकाळी दादर स्टेशनच्या फलाटावर डब्यात शिरण्याच्या रेटारेटीत पुस्तकांच्या पिशव्या डोक्यावर धरलेल्या असतात, चुरगळू नयेत म्हणून.